व्हायलम सर

शाळेत त्यांना सगळे व्हायलम सर म्हणत. मुलं पाठीमागे म्हणत, शिपाई तोंडावर म्हणे. "व्हायलम सर, मोठ्या बाईंनी बोलावलंय," असा निरोप आला की ते हातातला खडू खिशात टाकून निघत. नावाचं त्यांना काही वाटत नसे. उलट एखाद्या नव्या शिक्षकाने "हे कसलं नाव?" असं विचारलं की त्यांचा चेहरा उजळे आणि त्या शिक्षकाचा पुढचा तास बुडे.

तो एक इंग्रजी शब्द होता. क्रियाविशेषण. आता तो कोणी वापरत नाही, शब्दकोशातही त्याच्यापुढे 'जुना' असा शेरा असतो. सरांनी तो कॉलेजात असताना एका नेमलेल्या पुस्तकाच्या तळटिपेत पाहिला होता. तळटिपा बहुतेक जण वाचत नाहीत. सरांना मात्र त्या तळटिपेने आयुष्यभर पुरेल एवढं काम दिलं.

उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात आमची शाळा. सर इंग्रजी शिकवत, मी मराठी. दोघंही अंबरनाथ पूर्वेला राहत असू, त्यामुळे परतताना पुष्कळदा बरोबर असायचो. ते रिक्षा करत नसत, कारण रिक्षात बसावं लागतं. स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची होती, तिच्यावर इतरांच्या वह्यांचे गठ्ठे असत. डबा ते चालत खात. पोळीचा घास खिडकीपाशी, पाण्याचा घोट कपाटापाशी, पुन्हा खिडकी. गणिताच्या बाई वैतागून म्हणायच्या, "अहो सर, बसा ना एकदाचे. तुम्ही असे फिरायला लागलात की मला इन्स्पेक्शन आल्यासारखं वाटतं. घास उतरत नाही."

"बसलो की झोप येते."

"मग झोपा. निदान आम्ही तरी जेवू."

दहावीच्या वर्गात दर वर्षी पहिल्या तासाला ते फळ्यावर तो शब्द लिहीत आणि त्याच्याखाली तीन रेघा ओढत. मी शेजारच्या वर्गात असे, मधली भिंत पातळ. इतक्या वर्षांत तो तास मला पाठ झाला. पहिल्या रेघेवर 'कधीमधी'. फार जुन्या इंग्रजीत त्याचा तेवढाच अर्थ होता. 'व्हाइल' म्हणजे थोडा वेळ, त्या वेळाचं अनेकवचन; थोड्याथोड्या वेळांना, अधूनमधून. दुसऱ्या रेघेवर 'एकेकाळी'. काही शतकं उलटली आणि त्याच शब्दाने लोक गोष्टी सुरू करू लागले, आपल्या आटपाट नगरासारख्या. तिसऱ्या रेघेवर 'कैलासवासी'. तो दस्तऐवजांत शिरला. अमक्याची व्हायलम पत्नी म्हणजे अमक्याची मयत पत्नी. एवढं झाल्यावर सर खडू खाली ठेवत आणि आवाज उतरवून म्हणत, "कळलं का काय झालं? जो कधीमधी येत होता, तो मेला. आणि तो मेला असं मधे कोणीच सांगितलं नाही. कोणी ठरवलंही नाही. लोक नुसते बोलत राहिले."

एका वर्षी एका सिंधी मुलीने हात वर केला होता. "सर, मीनिंग तीन हैं तो मार्क भी तीन मिलेंगे?"

"हा शब्द पेपरात येणार नाही."

"फिर लिखें क्यों?"

"लिहू नका. ऐका."

संध्याकाळी रस्त्याने चालताना याच गोष्टीला फाटे फुटत. खिशात पुरवण्यांच्या कोऱ्या बाजूंवर केलेली टिपणं असत, चालता चालता ती काढून वाचत आणि समोरून येणाऱ्या हातगाडीला धडकता धडकता वाचत. "जर्मन भाषेत याचा एक चुलत भाऊ आहे, बाई. त्याचं घराणं तेच, आणि शेवटही तोच झाला. तोसुद्धा मेलेल्या माणसांच्या नावापुढे जाऊन बसला. म्हणजे ही एका भाषेची चूक नव्हे. माणसांचीच खोड आहे." मी एकदा म्हटलं, मराठीतही असं होतं. 'एकदा ये' म्हटलं की ते पुढचं असतं, 'एकदा आला होता' म्हटलं की मागचं. सर रस्त्याच्या मधोमध थांबले. मागच्या टेम्पोवाल्याने जी शिवी दिली ती इथे लिहिण्यासारखी नाही. सर म्हणाले, "हे मला आधी का नाही सांगितलंत?" आणि अंबरनाथपर्यंत पुढे एक शब्द बोलले नाहीत.

त्यांना एक धाकटा भाऊ आहे हे मला असंच चालताना कळलं. वडील कारखान्यात कामगार होते, निवृत्त झाल्यावर त्यांनी बैठ्या चाळीत दोन खोल्या घेतल्या. थोरला शिकला. धाकटा ट्रकवर गेला, मग सुरतेला, मग आणखी कुठे. दोन-तीन महिन्यांनी उगवायचा. दोन दिवस आईच्या हातचं जेवायचा, पिऊन आला तर भांडायचा, आणि आईला रडवून जायचा. आई त्यानंतर आठ-आठ दिवस अंथरूण धरायची. मग तो सहा महिन्यांनी यायला लागला, मग वर्षाने, मग आलाच नाही. मी शाळेत लागले तेव्हा त्याला घरात पाऊल टाकून नऊ-दहा वर्षं झाली होती. सर त्याच्याविषयी वर्तमानकाळात बोलत. "धाकट्याला कारलं आवडत नाही." "धाकटा मान एका बाजूला टाकून चालतो." मी ऐकून घेत असे. त्यांच्या तिसऱ्या रेघेवरच्या रागाचं मूळ कुठे आहे हे मला कळलं होतं, पण तसं मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही.

आम्हा शिक्षकांना मतदार यादीचं, म्हणजे बीएलओचं, काम असतं. आपल्या राहत्या भागातली यादी घेऊन घरोघर जायचं, दार वाजवायचं, नावं वाचायची आणि जो नसेल त्याच्यापुढे लिहायचं: मयत, स्थलांतरित किंवा दुबार. सरांचा आणि माझा भाग लागून होता, म्हणून रविवारी आम्ही बरोबर निघायचो. या कामात सर अतिशय कडक. मेलेल्या माणसाचं नाव यादीत राहिलेलं त्यांना खपत नसे. एका घरात एकजण अजिजीने म्हणाला, "मास्तर, आमच्या आज्याला राहू द्या ना यादीत. तेवढीच त्याची आठवण."

"आठवण भिंतीवर लावा. यादीत हयात माणसं लागतात."

"तुमचा भाऊ ऱ्हातोय ना पण," आतून एक म्हातारी बोलली.

सर पुढच्या दाराकडे वळले.

स्वतःच्या घरीही ते रीतसर जात. उघडं दार वाजवून बाहेर उभे राहत. सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, ओट्यापाशी असायच्या. "या, बीएलओ साहेब. पाणी देऊ का?"

"घरात मतदार किती?"

"यादीत तीन आहेत म्हणतात. दोघांना मी रोज बघते. तिसऱ्याचं तुम्ही सांगा." आणि माझ्याकडे वळून म्हणत, "ताई, तुम्ही तरी आत बसा. यांना उभं राहायचा शाप आहे, तुम्हाला कशाला?"

सर भावाच्या नावापुढे 'हयात' अशी खूण करत. यादीतल्या फोटोत मान एका बाजूला टाकलेला, मिशी नुकती फुटलेला तरुण होता. दर वर्षी इतरांचे फोटो बदलत. तो मात्र तेवढाच तरुण राहिला.

सरांच्या निवृत्तीला एक वर्ष उरलं तेव्हा यादीच्या कामावर नवा पर्यवेक्षक आला. आमच्याच शाळेचा जुना विद्यार्थी. त्याने यादी उघडून त्या फोटोवर पेनाचं टोक ठेवलं. "सर, मी तुमच्यापुढे काय बोलणार? तुमचे तीन अर्थ मला अजून पाठ आहेत. पण हे मतदार वीस वर्षांत मतदानाला आले नाहीत. शेजारीपाजारी म्हणतात, पाहिलेले नाहीत. तुम्ही हयात कशावरून लिहिता?"

"मयत कशावरून लिहू?"

"मग स्थलांतरित लिहा."

"कुठे?"

"सर, मला लाजवू नका. पुढच्या वर्षी तुम्ही नसाल, जो येईल तो एका रेघेत उडवेल. तुमच्या हाताने व्हावं म्हणून सांगतोय. रविवारपर्यंत काय ते लिहून द्या."

त्या आठवड्यात सरांनी वर्गात शिकवलं नाही, नुसत्या येरझाऱ्या घातल्या. मुलं घाबरून आपणहून धडे वाचत बसली. शनिवारी त्यांनी मला विचारलं, "बाई, उद्या माझ्या घरी यादी भरायची आहे. याल का? घरातलाच माणूस लिहिणारा आणि घरातलाच सांगणारा. तिसरं कोणी असावं."

मी गेले. सकाळचे दहा वाजले असतील. त्या दिवशी त्यांनी दार वाजवलं नाही. यादी फ्रिजवर ठेवली होती आणि ते तिच्यापुढे उभे होते. वहिनी तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या. सर माझ्याकडे न बघता बोलू लागले. "इतकी वर्षं मी त्या इंग्रजांना नावं ठेवली. कधीमधी येणाऱ्याला मयत करताना एकाचाही हात कसा थांबला नाही म्हणून. आता बघा. माझाही थांबत नाहीये. वीस वर्षं म्हणजे पुरे झाली, असं आतून कोणीतरी म्हणतंय. अगदी सोपं वाटतंय, बाई. याचीच भीती वाटते." त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि रकान्यात 'म' लिहिला.

भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

"लिहू नका," वहिनी म्हणाल्या. "भावजी आले होते."

सर वळले. "कधी?"

"आई गेल्या त्याच्या पुढच्या वर्षी. अकरा वर्षं झाली. तुम्ही शाळेत होतात." पिठाचे हात त्यांनी तसेच पुढे धरले होते. "दारात उभे होते. प्यायलेले नव्हते. दादा आहे का विचारलं. उल्हासनगरला फर्निचरच्या पॉलिशचं काम मिळालंय म्हणाले. चपला काढल्या आणि आई कुठाय म्हणून विचारलं. त्यांना माहीतच नव्हतं. मी उंबऱ्यातच सांगून टाकलं, गेल्या म्हणून. आणि म्हटलं, आता येत जाऊ नका. तुमच्यासाठी रडायला इथे कोणी उरलेलं नाही."

"मग?"

"मग काय? काढलेल्या चपला परत घातल्या."

सर खिडकीपर्यंत गेले, परत आले. भिंतीवर हात ठेवला, काढला. मला वाटलं आता ते ओरडतील. वहिनींनाही तसंच वाटलं असावं, कारण त्या घाईघाईने म्हणाल्या, "आठ-आठ दिवस त्या अंथरुणावर पडून असायच्या. मी काढलंय सगळं. तुम्ही शाळेत असायचात. मला पुन्हा तसलं काही नको होतं. नंतर सांगायला गेले तर तोंडातून शब्द निघेना. मग दर वर्षी तुम्ही हयात लिहीत होतात, म्हणून मी गप्प राहिले. बरोबरच होतं की ते."

सरांनी एकच विचारलं. "जेवला होता का?"

वहिनींचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा उतरला. "भाकऱ्या झाल्या होत्या," त्या म्हणाल्या. "मी विचारलंच नाही."

सरांनी तो 'म' खोडला. शेऱ्याच्या जागी 'उल्हासनगर, शोध चालू' असं लिहिलं आणि यादी माझ्या हातात देऊन ते चपला घालून बाहेर पडले. पर्यवेक्षकाने त्या शेऱ्याचं पुढे काय केलं मला ठाऊक नाही. पुढच्या यादीत नाव होतं.

चार नंबर कॅम्पात ते तेहतीस वर्षं शिकवत होते आणि फर्निचरचा बाजार तिथून चालत पंचवीस मिनिटांवर. हे गणित त्यांना झोपू देत नसे. शाळा सुटली की ते घराच्या उलट्या दिशेला जाऊ लागले. एका दुकानातून दुसऱ्या, मागच्या गाळ्यांतून, पॉलिशच्या वासातून, तो मिशी फुटलेला फोटो दाखवत. मीही काही वेळा बरोबर गेले. दुकानदार चांगले वागत. "मास्टरजी, पहले बैठो तो सही. चाय पियो." सर उभ्यानेच फोटो पुढे करत. "ग्यारह साल? साईं, यहाँ पिछली दिवाली का आदमी याद नहीं रहता. पॉलिशवाले कितने आये, कितने गये."

वहिनींशी ते पंधरा-वीस दिवस बोलले नाहीत. मग एके दिवशी मलाच म्हणाले, "ती माझ्या आईचं सगळं काढत होती, तेव्हा मी फळ्यावर रेघा ओढत होतो. मी कोणत्या तोंडाने रागावू?" त्या दिवसापासून ते घरी गेल्यावर आज कुठली दुकानं झाली ते वहिनींना सांगू लागले. शब्दाबद्दल मात्र बोलणं सुटलं. निवृत्तीच्या वर्षी दहावीच्या पहिल्या तासाला त्यांनी सरळ पहिला धडा काढला. शेजारच्या वर्गात मी वाट पाहत होते. माझंच शिकवण्यात लक्ष लागलं नाही.

निवृत्तीनंतर दीड वर्षाने, एका दुपारी, ते शाळेत आले. थेट स्टाफरूममध्ये. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. "बाई, एक म्हातारा दुकानदार आहे. त्याने फोटो बघितला नाही. नुसता विचार केला आणि म्हणाला, अंबरनाथवाला? जो गर्दन टेढ़ी करके चलता है? है ना. पक्का आदमी नहीं है. कभी-कभी आता है." हे शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. गणिताच्या बाईंनी सरांना पाणी दिलं आणि काय चाललंय ते न कळून माझ्याकडे पाहिलं. त्या पहिल्या रेघेचं त्यांना कुठे ठाऊक होतं.

त्यानंतर ते त्या दुकानात जात राहिले. कामाचा हंगाम असला तर येईल, मनात आलं तर येईल, असं म्हातारा सांगे. आपण शोधतोय हे त्याला सांगू नका, नाहीतर तो यायचाच थांबेल, असं सरांनी म्हाताऱ्याला बजावलं होतं. सात-आठ महिने गेले. एकदा तर भाऊ आदल्याच दिवशी येऊन, दोन कपाटांना पॉलिश करून गेला होता. सरांनी त्या कपाटांवरून हात फिरवला, बोटाला ओलं पॉलिश लागलं, ते मला दाखवायला आले होते. मागच्या नवरात्रात एका पहाटे छातीत दुखलं आणि ते गेले. वहिनी म्हणाल्या, उभेच होते.

महिन्याभराने, एका शनिवारी मी वहिनींना भेटायला गेले तर दाराला कुलूप. लग्न झालेली मुलगी कुळगावला असते, तिच्याकडे गेल्या असतील असं वाटलं. शेजारीण म्हणाली, "मुलगी न्यायला आली होती कायमचं. नाही गेल्या. शनिवारी कामगारांचा हिशोब असतो, तेव्हा सगळे येतात म्हणे. उल्हासनगरला जातात त्या, फर्निचरवाल्याकडे."

मी तशीच तिकडे गेले. दुकानाच्या पुढच्या भागात विकायला ठेवलेल्या, अजून प्लास्टिकही न काढलेल्या सोफ्यावर वहिनी बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, तिच्यात डबा. म्हातारा मला म्हणाला, "भाभीजी को बोला, फोन नंबर छोड़ के जाओ, मैं बुला लूँगा. मानती नहीं."

मी शेजारी बसले. प्लास्टिक करकरलं. मग मी भलतंच विचारलं. म्हटलं, "तुम्ही कशाला त्रास घेता? निरोप ठेवा ना. हे सांगतील त्यांना सरांचं."

"नको," वहिनी म्हणाल्या. "आईंचंही मीच सांगितलं होतं. दादाचंही मीच सांगायला हवं." त्यांनी पिशवीवरून डब्याचं झाकण चाचपून पाहिलं. "फक्त या वेळी आधी जेवू घालीन. मग सांगेन."